तुझी बाजू, माझी हरकत कायम ठेवून

मृणाल,

परवा तुझी शोकसभा झाली. सभागृह वातानुकूलित होते, पुष्पचक्रे महाग होती आणि वक्ते एकामागून एक खोटे बोलत होते. 'खोटे' हा शब्द मी जपून वापरतो. ज्याची सारी नोकरी केंद्र सरकारच्या कायद्यांचे मसुदे लिहिण्यात गेली, त्याला तो सहज वापरता येत नाही. एकाने तुला देवदूत म्हटले. दुसऱ्याने तुझ्या बोटांत जादू होती असे सांगितले. तिसऱ्याचा मोबाइल भाषणात दोनदा वाजला. तो म्हणाला की डॉक्टर मॅडमच्या हातून एकही बाळ कधी गेले नाही. तेव्हा मी उभा राहिलो आणि "यह सच नहीं है, श्रीमान," एवढेच म्हणालो. दोन तरुणांनी मला आदराने, पण दंडाला धरून, खाली बसवले. पाणी आणून दिले. त्यांना वाटले, म्हातारा शोकाने हेलावला आहे. त्या घटकेला मी फक्त संतापलो होतो. शोक घरी आल्यावर झाला.

आल्याबरोबर ते वाक्य दुरुस्त करावे म्हणून इस्पितळाच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि पोच मागितली. ती येणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हे दुसरे पत्र तुला. उत्तर तुझ्याकडूनही येणार नाही. परंतु तू निदान ते पूर्ण वाचले असतेस.

आपली ओळखच मुळी माझ्या एका तक्रारीतून झाली. यमुनेपलीकडे तेव्हा नवी नोएडा उभी राहत होती. रस्ते आखलेले होते पण त्यांवर दिवे नव्हते. आपल्या सोसायटीत लिफ्ट होती पण तिला वीज मिळेलच अशी हमी नव्हती. बिल्डरविरुद्ध माझे तीन अर्ज चालू होते. त्यांत चौथ्याची भर पडली: कोणी अज्ञात सदनिकाधारक दर रविवारी खाटकाकडची पिशवी लिफ्टमधून नेतो आणि फरशीवर रक्त ठिबकते. सोसायटीच्या सचिवांनी तो अर्ज सूचनाफलकावर लावला. पुढच्या रविवारी दार वाजले. दारात उंच, काटकुळी, केस कसेबसे बांधलेली तू, आणि हातात तीच पिशवी.

"काका, अज्ञात सदनिकाधारक मी. सातवा मजला."

"अगं बाई, मराठी!" सुमन आतून म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले होते.

"मांसाहारावर माझी हरकत नाही," मी म्हणालो. "लिफ्टच्या फरशीवर आहे."

"पण मी खात नाही हो. मी शिवते."

आणि तू पिशवी उघडलीस. बकऱ्याची हृदये. "ताटात नाही!" असे सुमन ओरडली आणि धावत जाऊन तिने एक जुनी परात आणली. परात जमिनीवर ठेवत तिने जाहीर केले की ही आता तिच्या स्वयंपाकघरात परत यायची नाही. आम्ही दोघे शाकाहारी वृद्ध, समोर परातीत ते हृदय, आणि तू मांडी घालून, डोळ्यांवर दुर्बिणीसारखी भिंगे चढवून, आम्हाला ते उलगडून दाखवते आहेस. असा रविवार आमच्या घरात त्यापूर्वी कधी आला नव्हता.

तू म्हणालीस की काही बाळे जन्मतात तीच निळसर. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. एक अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेते, दुसरी शुद्ध रक्त सगळ्या शरीराला देते. या बाळांत त्या उलट्या जोडलेल्या असतात. शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परत जाते. अशुद्ध रक्त अंगभर फिरत राहते. मधल्या पडद्यात एखादे भोक असले तर थोडी सरमिसळ होते, आणि तेवढ्या उसन्या श्वासावर बाळ काही दिवस तग धरते.

"मग अदलाबदल करायची. सोपे आहे," मी म्हणालो.

"बिल्कुल सोपं आहे, यार. पण हे बघा."

"यार कोणाला म्हणतेस?"

"सॉरी. काका, हे बघा."

सुईच्या टोकाने तू दाखवलेस. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवते; पण त्याला स्वतःला लागणारे रक्त आणणाऱ्या दोन बारीक वाहिन्या मोठ्या वाहिनीच्या अगदी मुळाशी उगवतात. मोठ्यांची अदलाबदल करायची तर या दोघींना, भोवतालच्या भिंतीचा डाळीच्या दाण्याएवढा तुकडा धरून, मुळासकट उचलायचे आणि नव्या जागी शिवायचे. नवजात बाळाचे सगळे हृदयच मोठ्या आवळ्याएवढे; त्यावरची ही वाहिनी पेनाच्या रिफिलहून बारीक; धागा केसाहून बारीक. शिवताना ती किंचित पिळली किंवा ताणली गेली, तर हृदयाचा तेवढा भाग डोळ्यांदेखत काळवंडतो. बाळाला थंड करून, रक्ताभिसरण यंत्रावर सोपवून, हृदय थांबवून हे करायचे, आणि यंत्राचा वेळ मोजका. म्हणून तू रविवारी बकऱ्यांच्या हृदयांवर हात बसवत होतीस. मी त्याच दिवशी अर्ज मागे घेतला. लिफ्टच्या फरशीसाठी तू स्टीलचा डबा वापरावास ही अट मात्र घातली, आणि तू ती शेवटपर्यंत पाळलीस.

त्यानंतर तू माझ्याकडे शब्द मागायला येऊ लागलीस. तुझे बालपण दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत गेलेले. वडील निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि तू मुनिरक्यात खोली घेऊन शिकलीस. तुझे मराठी घरापुरते होते, आणि छावणीतल्या इस्पितळातून तुझ्याकडे साताऱ्या-सांगलीचे जवान निळी बाळे घेऊन यायचे. त्यांच्या बायकांना ना तुझे हिंदी धड कळे, ना इंग्रजी.

"काका, हार्टला काय म्हणू?"

"हृदय म्हण. नाहीतर काळीज."

"काळीज म्हणजे कलेजी! ते लिव्हर झालं. त्या म्हणतील, मॅडम भलतंच कापायला निघाल्या."

मी तुला वाक्ये बांधून द्यायचो आणि तू ती मोडायचीस. "यात 'तथापि' आहे. 'तथापि' आला की लोक ऐकणं बंद करतात." जन्मभर माझ्या मसुद्यांवर सचिवांनी लाल शाई ओढली, तुझ्याइतकी अचूक एकानेही ओढली नाही.

का, ते मला तुझा नियम कळल्यावर समजले. तू आईबापांना सगळे सांगायचीस आणि मग म्हणायचीस, "आता तुम्ही सांगून दाखवा." सही नंतर. आधी त्या बाईने, आपल्या शब्दांत, बाळाला काय झाले आहे आणि तू काय करणार आहेस, हे तुला सांगून दाखवायचे. जमले नाही तर तू पुन्हा पहिल्यापासून सांगायचीस. शेवटी एक प्रश्न ठरलेला: "आणि काय होऊ शकतं?" संमती या विषयावर मी टिपणे लिहिली आहेत, आणि ती मंत्रालयाच्या कपाटांत सुखाने पडून आहेत. संमती प्रत्यक्षात काय असते, हे मी तुझ्या खोलीत पाहिले.

तरीही आपले भांडण सुरू झाले ते त्याच संमतीवरून. ते मिटले नाही, म्हणून ते इथे पुन्हा मांडतो.

उलट्या वाहिन्यांवर एक जुनी शस्त्रक्रिया होती. तिच्यात मोठ्या वाहिन्यांना हात न लावता, हृदयाच्या वरच्या कप्प्यांतच आडोसा शिवून रक्ताची वाट बदलायची. ती तुला उत्तम येत होती आणि तिच्यात बहुतेक बाळे जगत होती. नवी, अदलाबदलीची, तू शिकत होतीस. पहिली बाळे गेली. तू रविवारी येईनाशी झालीस. सुमन वर जाऊन तुला जेवायला घेऊन आली; तू भातात बोटे फिरवत बसलीस. आणि मी, जेवणाच्या ताटावर, तुला कायदा सांगितला.

"अज्ञान मुलाच्या नावची दोन गुंठे जमीन विकायची तर बापाला न्यायालयाची परवानगी काढावी लागते," मी म्हणालो. "का? तर पालकाने पाल्याच्या मालमत्तेवर जुगार खेळू नये म्हणून. इथे बाळाचे हृदय पणाला लागते आहे, तेही तुझा हात बसेपर्यंत. जुना सुरक्षित मार्ग हाताशी असताना! कुठल्या आईला तशी संमती देण्याचा अधिकार आहे?"

"अहो, तिला जेवू द्या," सुमन म्हणाली.

"बोलू दे, काकू. तिथे सगळे फक्त 'हिंमत मत हारो' म्हणतात." तू माझ्याकडे वळलीस. "काका, परवानगी यायच्या आत डावा कप्पा थकून जाईल. त्याला फुप्फुसांचंच हलकं काम मिळत असतं, तो ढिला पडतो. पहिल्या काही आठवड्यांत अदलाबदल केली तरच तो अंगाचं काम पेलतो. नंतर वाट बंद."

"म्हणून जुनी कर."

"जुनी कोणासाठी करू? बाळासाठी, की माझ्या रेकॉर्डसाठी?"

याचे उत्तर त्या वेळी सुचले असते तर मी ते दुसऱ्या दिवशी लिहून तुझ्या दारात सरकवले असते, हे तू जाणतेस.

मग सुरेखा आली. नवरा सैन्यात नाईक, गाव कराडजवळ, मुलगी तीन आठवड्यांच्या आतली. तुझ्या विनंतीवरून मी भाषेसाठी खोलीत बसलो होतो. खरे सांगायचे तर मी तुला रंगेहाथ पकडायला आलो होतो. तू काही लपवलेस तर उभा राहून बोलणार होतो. तू जुनी सांगितलीस, नवी सांगितलीस, दोन्हींत काय होते ते सांगितलेस. मग म्हणालीस, "ताई, आता तुम्ही सांगून दाखवा."

"मी सांगतो मॅडम," नवरा पुढे झाला.

"तुम्ही नंतर. आधी त्या."

सुरेखा पदराचे टोक बोटाला गुंडाळत हळूहळू बोलू लागली. "हिच्या काळजातनं दोन नळ निघत्यात. त्ये उलटं बसल्यात. चांगलं रगत फुप्फुसाकडनं येतंय आन् तिकडंच माघारी जातंय. अंगाला काळंच मिळतंय. म्हणून ही निळी."

"आणि मी काय करणार?"

"नळ कापून बदलणार. आन् त्या दोन बारक्या शिरा उचलून लावणार. त्येच अवघड हाय म्हणालात."

"आणि काय होऊ शकतं?"

ती गप्प. तू थांबलीस. तू पुन्हा विचारलेस. तिचा चेहरा पाहून मला राहवेना. पूर्ण माहिती दिलीच पाहिजे म्हणून वर्षभर तुझ्यामागे लागलेला मीच म्हणालो, "मृणाल, पुरे. तिला कळले आहे."

"काका, बसा नाहीतर बाहेर थांबा," तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस. "ताई?"

"जाईल," सुरेखा म्हणाली. "तिथंच, टेबलावर जाईल." मग तिने मान वर केली. "नवं करताना तुमच्या हातनं किती गेली?"

"जगली त्यापेक्षा जास्त गेली."

नवरा उठून उभा राहिला. सुरेखाने त्याच्याकडे पाहिले नाही. "मग जुनं का न्हाई करत?"

"तुम्ही म्हणालात तर जुनं करीन. ते मला चांगलं येतं. बहुतेक ही घरी येईल. शाळेत जाईल. पण जो कप्पा फुप्फुसांपुरता बनलाय, तोच जन्मभर सगळ्या अंगाला रक्त ढकलत राहील. तो कधी दमेल ते मला सांगता येत नाही. विशीत, तिशीत. कदाचित त्याहून उशिरा."

सुरेखाने मुलीच्या निळसर नखांवरून अंगठा फिरवला. "तिशीत," ती म्हणाली, "तवा हिच्या मांडीवर लेकरू आसंल."

मग तिने तुझ्याकडे पाहिले.

"नवं करा."

"अगं, जरा इचार करू," नवरा म्हणाला.

"म्या केला."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी तुझ्या इस्पितळाच्या जिन्यात बसून होतो. घरी वीज मंडळाला लिहायचे पत्र अर्धवट पडले होते आणि मला त्याची आठवणही नव्हती. संध्याकाळी तू बाहेर आलीस. टोपीचा वळ कपाळावर. सुरेखासमोर खाली बसलीस आणि म्हणालीस, "गुलाबी झाली." तिच्या नवऱ्याने तुझे पाय धरले तेव्हा तू इतकी दचकलीस की मागे ट्रॉलीवर आदळलीस. जिन्यातून उतरताना तू मला म्हणालीस, "काका, याला पुरावा समजू नका हं. ही गेली असती तरी निर्णय तोच होता."

मी म्हणालो, "समजत नाही. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय कायदेशीर ठरत नसतो."

"अच्छा! म्हणजे एका गोष्टीवर तरी आपलं जमलं."

त्या मुलीनंतर तुझा हात बसला. इतका बसला की दुसऱ्या शहरांतले सर्जन तुझ्या मागे उभे राहून पाहायला येऊ लागले. गुडगावात काचेची इस्पितळे उभी राहिली, तुला बोलावणी आली, वर्तमानपत्रांत फोटो आले. टाळ्या वाढल्या तसे माझ्या हरकतीचे वजन कमी व्हायला हवे होते. तू ते होऊ दिले नाहीस. संक्रांतीला आपल्या मराठी मंडळाची बस पानिपतला निघायची. महामार्गावर धुके, पुढची मंडळी पोवाडे म्हणणारी, मागच्या बाकावर आपण तिघे, सुमनच्या गुळाच्या पोळ्या आणि आपले भांडण. रणांगणावरच्या काला अंबपाशी थंडीत कानटोप्या घातलेली माणसे स्मारकाला नमस्कार करायची आणि लगेच वाद घालायची, की सेनापतीने त्या दिवशी काय करायला हवे होते. तू ऐकत उभी राहायचीस. एकदा म्हणालीस, "निकाल माहीत असला की सगळ्यांनाच लढाई येते."

"हे मला उद्देशून?"

"नाही काका. तुम्ही निकालाआधी भांडलात. म्हणून तर तुम्हाला बरोबर आणते." मग तू पोळीचा तुकडा मोडत म्हणालीस, "तुम्ही हरकत सोडू नका. सगळेच टाळ्या वाजवायला लागले तर मला थांबवणार कोण? फक्त एक करा. माझी बाजू एकदा तुमच्या तोंडून सांगून दाखवा. पटली नाही तरी चालेल. नीट कळली एवढं मला कळू दे."

"प्रतिपक्षाची बाजू मांडण्याचे वकीलपत्र माझ्याकडे नाही."

"काकू, बघा हो यांना!"

"मी चाळीस वर्षं बघतेय," सुमन म्हणाली.

दर संक्रांतीला तू मागितलेस आणि दर संक्रांतीला मी पुढची तारीख घेतली. गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा तू सोफ्यावर, उशीला टेकून, स्वतःच्या आजाराचे कागद न वाचता बाजूला ठेवून बसली होतीस. तुझी बोटे शालीच्या काठावर सवयीने टाके घालत होती. "काका, तयारी झाली?" तू विचारलेस. मी म्हणालो, पुढच्या रविवारी, मुद्देसूद. तू हसलीस. "तुम्ही पण कोर्टच."

तो रविवार आला नाही. तर ऐक. आज सांगून दाखवतो.

तुझी बाजू अशी: आईबापाला बाळ हवे असते, आज, घरी, पाळण्यात. जुनी शस्त्रक्रिया त्यांना ते देत होती, आणि सर्जनला शाबासकी. तिचा भार उचलायचा होता तो त्या खोलीत नसलेल्या माणसाने, म्हणजे तिशीतल्या त्या बाईने. मी जन्मभर ज्याला पाल्याचे हित म्हणत आलो, ते पाल्याच्या आजच्या वयाशी संपत नाही. पालकाने पुढे पाहायचे असते, जिथवर त्याची स्वतःची नजर पोचत नाही तिथवर. कराडजवळच्या त्या आईने एका वाक्यात तेच केले, आणि ते करता यावे एवढ्यासाठीच तू तिला सगळे सांगायला लावलेस. ती म्हणाली असती तर तू मुकाट्याने जुनी केली असतीस. निवड तू तिच्या हातात ठेवलीस. स्वतःकडे ठेवलेस ते अपयश: जी बाळे गेली त्यांच्या आयांकडे तू स्वतः गेलीस, दुसऱ्या कोणाला पाठवले नाहीस. हात त्यांच्यामुळे शिकला, हे तू कधी नाकारले नाहीस. म्हणूनच 'एकही बाळ गेले नाही' हे परवाचे वाक्य तुला सर्वांत जास्त लागले असते.

आणि काय होऊ शकतं? हेही विचारशील. होऊ शकते ते असे, की एखादा माणूस बरोबर असतो आणि तरीही त्याच्या हातून बाळे जातात. त्याला तसेच दुसऱ्या दिवशी हात धुऊन उभे राहावे लागते. तू राहिलीस. या देशात माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही न्यायासनावर मी एवढे सरळ बसलेले माणूस पाहिलेले नाही.

सांगून झाले. वगळलेले काही आढळल्यास निदर्शनास आणावे.

आता माझे. जी बाळे पहिल्यांदा गेली त्यांच्या वतीने बोलणारे त्या खोलीत कोणी नव्हते. तिशीतल्या बाईच्या वतीने तू बोललीस. त्यांच्या वतीने मी बोलत होतो, आणि मी गप्प बसलो तर आता कोणीच उरत नाही. माझी हरकत कायम आहे. ती मी मागे घेतलेली नाही आणि घेणार नाही, कारण ती मागे घेऊ नकोस असे तूच मला बजावले होतेस.

परात सुमनने टाकली नाही, हे मला काल कळले. गॅलरीत, तुळशीच्या कुंडीखाली आहे. रविवार आहे. ती चहा घेऊन समोर बसली आहे आणि मी तिला हे सगळे वाचून दाखवले आहे. ती म्हणाली, "बरोबर सांगितलंत. पण आता तिची पाळी."

मृणाल, माझी बाजू तू सांगून दाखव. पटली नाही तरी चालेल. मी थांबलो आहे.